ओली असतानाच धुवायची

तनुजाच्या चेहऱ्याला पंधराव्या वर्षापासून तेल सुटायचं. सकाळी तोंड धुऊन शाळेत गेलं की दुसऱ्या तासाला कपाळ चमकायला लागायचं. नाकाच्या दोन्ही बाजूंना काळे ठिपके रुतून बसलेले. टॉवेलनं घासून घासून कातडी लाल व्हायची, ठिपके जागच्या जागी. वाघोलीच्या घरात हे कोणी फारसं मनावर घेतलं नाही. आई म्हणायची, वयाचं असतं, जाईल. वय गेलं, तेल राहिलं.

तेविसाव्या वर्षी ती राज्यसेवेचा अभ्यास करायला सदाशिव पेठेत राहायला आली. वाघोलीहून रोज जाऊन-येऊन अभ्यासिका गाठायची तर निम्मा दिवस नगर रोडच्या गर्दीतच संपला असता, म्हणून वडिलांनीच कॉट बेसिसवर खोली बघून दिली. जागरणं, मेसचं जेवण आणि परीक्षेची धाकधूक यांनी चेहऱ्याचे आणखी हाल झाले. कोणीतरी सांगितलं म्हणून तिनं मुलतानी माती आणली. एक दिवसाआड गुलाबपाण्यात कालवून जाड थर लावायचा आणि तडे जाईपर्यंत पंख्याखाली बसून राहायचं. कातडी ताणली गेली, ओठ हलवता येईनासे झाले, की तिला वाटायचं, आता काम होतंय. दोन महिन्यांत दोन्ही गालांवर पुरळ उठलं.

तेव्हा ती पेठेतल्याच एका गल्लीत, डॉक्टर अनिरुद्ध लिमयांच्या दवाखान्यात गेली. त्वचेचे डॉक्टर, साठीच्या पुढचे, बोलणं मोजकं. त्यांनी भिंगातून तिचा चेहरा पाहिला आणि माती किती वेळ ठेवता म्हणून विचारलं. वाळेपर्यंत, असं ती म्हणाली.

"भिंत लिंपताय का?" डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी नीट समजावलं. माती तेल ओढते हे खरं. पण तेल संपलं म्हणून ती थांबत नाही, ती पाणीही ओढायला लागते. कोरडी पडलेली कातडी चिडते, तिचे पापुद्रे सुटतात आणि त्या पापुद्र्यांनीच छिद्रं आणखी बुजतात. म्हणून आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. कपाळ, नाक आणि हनुवटी एवढंच, गालांना नाही. थर पातळ. आठ-दहा मिनिटांनी कडा फिकट पडायला लागल्या की ओली असतानाच कोमट पाण्यानं धुवायची, घासायचं नाही आणि लगेच साधं क्रीम लावायचं. चेहरा आधीच लाल असेल किंवा पुटकुळ्यांवरचं दुसरं औषध चालू असेल, तर मातीला हात लावायचा नाही.

तनुजाला हे सगळं एकदा ऐकून पाठ झालं. पाठ करणं हा तिचा धंदाच होता. तीन-चार महिन्यांत पुरळ गेलं. कपाळ दुपारनंतर चमकायचं ते चमकायचंच, पण नाक साफ दिसायला लागलं, आणि आरशासमोर उभं राहायला तिला पूर्वीसारखा धीर गोळा करावा लागेना. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ती माती लावायची. हळूहळू त्या मजल्यावरच्या बाकीच्या मुलीही तिच्या खोलीत वाट्या घेऊन यायला लागल्या. कोणाची कातडी नाजूक, तिला ती मुलतानीऐवजी सौम्य, पांढरी चिनी माती द्यायची. कोणाला फक्त नाकापुरती हवी असायची. घड्याळ लावून ती एकेकीला उठवून बेसिनकडे पिटाळायची. अभ्यासात तिचं कोणी फारसं ऐकत नसे, पण चेहऱ्याच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा असायचा.

कादंबरी नावाची मुलगी दोन वर्षांपूर्वी त्या खोलीतल्या दुसऱ्या कॉटवर आली. नांदेडची, तनुजाहून तीन वर्षांनी लहान, वडील पोस्टात. पहिल्या महिन्यात ती रोज संध्याकाळी घरी फोन करून रडायची. तनुजानं तिला मेस दाखवली, अभ्यासिकेत खिडकीजवळची जागा मिळवून दिली, अर्थशास्त्राच्या स्वतःच्या वह्या दिल्या. दोघी एकमेकींची उत्तरं तपासायच्या. कादंबरीचे निबंध सैल असायचे, तनुजा ते घट्ट करून द्यायची. कादंबरीची स्मरणशक्ती मात्र अशी, की एकदा वाचलेलं पान तिला पानाच्या क्रमांकासह आठवायचं. दोघींनी मुख्य परीक्षा बरोबरच दिली. तनुजाची ती चौथी, कादंबरीची पहिली.

निकाल लागला तेव्हा दोघी अभ्यासिकेत होत्या. कादंबरीचं नाव यादीत होतं. तनुजाचं नव्हतं, थोडक्यात गेलं. तनुजानं तिला मिठी मारली आणि ती मनापासूनच मारली. खाली जाऊन दोघींनी चहा घेतला. वाघोलीला फोन करून तनुजानं वडिलांना सांगितलं, आणि वडील म्हणाले, बघू, पुढच्या वेळी. हे वाक्य ते दर वर्षी याच सुरात म्हणायचे.

मुलाखतीला साडेतीन आठवडे होते. कादंबरीची झोप उडाली. हनुवटीवर आणि कपाळावर बारीक बारीक गाठी उठल्या, वर बोट फिरवलं तर खरखर लागायची. एका सराव मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी तिला सगळं बरोबर आलं म्हणून शाबासकी दिली आणि जाता जाता सांगितलं की, जरा प्रसन्न दिसत चला, पहिली छाप महत्त्वाची असते. तेवढं एक वाक्य घेऊन ती खोलीवर आली. मेडिकलच्या दुकानातून तिनं पुटकुळ्यांसाठीचा कडक फेसवॉश आणला. मोबाईलवर कुणा मुलीचा व्हिडिओ बघितला, एकवीस दिवस रोज माती लावून काचेसारखा झालेला चेहरा.

त्या दिवशी संध्याकाळी तनुजा कॉटवर पुस्तक मिटून बसली होती. निकाल लागल्यापासून ती नुसतं पुस्तक उघडायची आणि मिटायची. कादंबरीनं मातीचा डबा कपाटातून काढला आणि विचारलं, "तनुताई, रोज लावली तर चालेल ना? तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे."

तनुजानं तिच्याकडे पाहिलं. बेसिनजवळ ठेवलेली फेसवॉशची नवी बाटली तिला दिसत होती.

"लाव की," ती म्हणाली.

तेवढंच. तिच्या मनात काही शिजलेलं नव्हतं. कादंबरीचं वाईट व्हावं असं तिला वाटलं होतं का, हे तिनं पुढं बऱ्याचदा स्वतःला विचारलं आणि दर वेळी उत्तर आलं, नाही. पण या पोरीला आपण शिकवायचं, आपण सावरायचं आणि यादीत नाव तिचं यायचं, याचा तिला त्या क्षणी कंटाळा आला होता. एका मुलीला दहा वाक्यं समजावून सांगण्याचा कंटाळा. तिनं पुस्तक पुन्हा उघडलं.

कादंबरी रोज संध्याकाळी अभ्यासिकेतून आली की माती लावायची आणि चेहरा पांढरा पडून तडे जाईपर्यंत नोट्स वाचत बसायची. तनुजाला समोरच्या कॉटवरून ते दिसायचं. पाचव्या दिवशी धुतल्यावर गाल लाल राहिले. कादंबरी म्हणाली, घाण बाहेर येतेय बहुतेक. तनुजा हूं म्हणाली. सातव्या दिवशी नाकाच्या कडेला पापुद्रे सुटले. तनुजाला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, आज सांगितलं तर ती विचारेल, आधी का नाही सांगितलंस? एक दिवस उशीर झाला म्हणून दुसरा झाला, दुसरा झाला म्हणून तिसरा. रविवारी बाकीच्या मुली आल्या तेव्हा डोकं दुखतंय म्हणून तिनं त्यांना परत पाठवलं.

दहाव्या दिवशी दुपारी मेसमध्ये मथुराबाई पोळी वाढता वाढता थांबल्या. मेस त्यांची. मुलींच्या चेहऱ्यांकडे त्या एरवी बघतही नसत, ताटाकडे बघत. त्यांनी कादंबरीला विचारलं, तोंड पोळलं की काय गं, वाफ बिफ घेतलीस का? कादंबरीनं मान हलवली. आमटीचा पहिला घास घेताना ओठांच्या कडेला तिखट लागलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी गालावर उतरलं, तसं तेही झोंबायला लागलं. ती ताट तसंच ठेवून उठली.

खोलीवर येऊन तिनं संध्याकाळची सराव मुलाखत रद्द केली. आईचा व्हिडिओ कॉल आला तो घेतला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तनुजानं दोरीवरची तिची ओढणी काढून तिच्या हातात दिली आणि ती म्हणाली, चल, डॉक्टरांकडे जाऊ.

दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टर लिमयांनी दिवा ओढून कादंबरीचा चेहरा पाहिला, काय काय लावता ते सगळं विचारून घेतलं आणि लिहिलं. रोज माती, पूर्ण वाळेपर्यंत, त्याच्या आधी दोन वेळा तो फेसवॉश. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हा सल्ला कोणाचा?"

"माझं मीच केलं सर," कादंबरी म्हणाली.

डॉक्टरांनी तनुजाकडे पाहिलं. पाच वर्षांत ती बऱ्याचदा आली होती, तिच्यामागून पेठेतल्या अर्धा डझन मुली आल्या होत्या. "आणि आपण दोघी एकाच खोलीत राहता," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

त्यांनी सगळं बंद करायला सांगितलं. साधं सौम्य क्लेन्झर, दिवसातून चार वेळा जाड क्रीम, रात्री पाच दिवस एक मलम, बाहेर पडताना उन्हाचं क्रीम. कादंबरीनं मुलाखतीची तारीख सांगितली आणि तोपर्यंत जाईल का म्हणून विचारलं. लाली बरीचशी जाईल, गाठी राहतील, त्यांचं नंतर बघू, असं ते म्हणाले. तिचा चेहरा पडला तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की चेहरे निवडायचे असते तर आयोगानं मुख्य परीक्षा घेतली नसती.

औषधं घेऊन दोघी चालत निघाल्या. चौकात स्कूटरींची रीघ लागली होती, रस्ता ओलांडायला थांबावं लागलं. तिथंच तनुजा बोलली.

"तू मला विचारलंस ना, रोज लावली तर चालेल का? तेव्हा मला माहीत होतं, चालणार नाही."

कादंबरीला नीट ऐकू आलं नाही. तनुजानं पुन्हा सांगितलं, या वेळी थोडं मोठ्यानं. फेसवॉश दिसला होता तेही सांगितलं, पाचव्या दिवशी लक्षात आलं होतं तेही.

"मुद्दाम?" कादंबरीनं विचारलं.

"मुद्दाम म्हणावं का, ते मला कळत नाही. पण माहीत होतं."

सिग्नल सुटला, लोक ओलांडून गेले, पुन्हा गाड्या सुरू झाल्या. मग कादंबरी एकटीच पुढं गेली.

पुढचे चार दिवस खोलीत कामापुरतं बोलणं झालं. लाईट बंद करू का. पाणी आलंय. कादंबरी शेजारच्या खोलीतल्या मुलीकडे झोपायला जाईल असं तनुजाला वाटलं होतं, पण ती गेली नाही. रोज चार वेळा आरशासमोर उभी राहून ती क्रीम लावायची आणि तनुजाकडे पाठ करूनच लावायची. तनुजाला तिच्या जागी आपण काय केलं असतं याचा अंदाज बांधता येत नव्हता. तिनं मातीचा डबा मजल्यावरच्या एका मुलीला देऊन टाकला. रविवारी मुली आल्या तेव्हा सगळ्यांना बसवून, किती वेळ ठेवायची, कुठं लावायची, कधी अजिबात लावायची नाही, हे तिनं नीट सांगितलं आणि यापुढं आपापलं करा म्हणाली. कादंबरी त्या वेळी खोलीतच होती. पुस्तकातून तिनं डोकं वर काढलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी चहाचा कप ठेवून ती तनुजाच्या कॉटसमोर खुर्ची ओढून बसली. चेहऱ्यावरची आग उतरली होती, पापुद्रे गेले होते, गाल अजून गुलाबी होते.

"मला प्रश्न विचार," ती म्हणाली.

"मी?"

"क्लासवाल्यांना माझं काय पक्कं आहे तेवढंच माहीत आहे. कच्चं कुठं आहे ते तुला माहीत आहे."

तनुजानं विचारायला सुरुवात केली. गोदावरीच्या पाणीवाटपावरून, कारण तिथं कादंबरी आकडे सांगायची आणि मत सांगायचं टाळायची. मग पोस्टातल्या वडिलांवरून, कारण घराबद्दल विचारलं की तिचा आवाज बारीक व्हायचा. मग म्हणाली, तुमच्या हाताखालच्या माणसानं जाणूनबुजून चुकीचा सल्ला दिला आणि नुकसान झालं, तर आपण काय कराल? हा प्रश्न तिच्या तोंडून निघून गेला आणि निघाल्यावर तिला कळलं, आपण काय विचारलं ते.

"नुकसान आधी आटोक्यात आणीन," कादंबरी म्हणाली. "त्याला लेखी विचारीन. तो स्वतः येऊन कबूल करत असेल, तर ते नोंदवून घेईन."

"आणि माफ?"

"ते माझ्या अधिकारात आहे का, ते बघावं लागेल."

तनुजाला हसू आलं, पण कादंबरी हसली नव्हती, म्हणून तिनं ते आवरलं. उत्तर चांगलं आहे, फक्त शेवटचं वाक्य अजून ठाम म्हण, असं तिनं सांगितलं. त्यानंतर आठवडाभर दोघी रोज सकाळी दोन तास बसायच्या. बाकीच्या वेळी कादंबरी पूर्वीसारखी गप्पा मारत नव्हती, तनुताईही म्हणत नव्हती. तनुजानं ते मान्य करून टाकलं.

मुलाखतीच्या दिवशी कपाळावर गाठी होत्याच. कादंबरीनं निळी साडी नेसली, चेहऱ्यावर क्रीमशिवाय काही लावलं नाही. पदराला पिन लावायला तिनं तनुजाला बोलावलं. संध्याकाळी परत आल्यावर सांगितलं, की पाच जण होते, कोणी चेहऱ्याकडे बघितलं असं वाटलं नाही, एक बाई तर सगळा वेळ फाईलमध्येच बघत होत्या. पाणीवाटपावर विचारलं आणि तिनं मत सांगितलं.

अंतिम यादी दोन महिन्यांनी आली. कादंबरी नायब तहसीलदार झाली. मजल्यावरच्या मुलींनी गुलाल आणला. तोपर्यंत तिचा चेहरा स्वच्छ झाला होता, आणि गुलाल लावू नका, लावू नका असं तनुजाच म्हणत राहिली. मुलींनी तो केसांवर टाकला.

कादंबरीचे वडील तिला न्यायला आले. शांत, बारीक अंगाचे गृहस्थ. खोलीत आल्या आल्या त्यांनी तनुजाला हात जोडले आणि म्हणाले, आपण होतात म्हणून आमचं लेकरू टिकलं, ती फोनवर नेहमी आपलंच सांगायची. तनुजानं कादंबरीकडे पाहिलं. कादंबरी पुस्तकांचं खोकं सुतळीनं बांधत होती. तिनं घरी काही सांगितलेलं नव्हतं.

वडील सामान घेऊन पुढं उतरले. उरलेलं खोकं दोघींनी मिळून जिन्यातून खाली आणलं. पहिल्या मजल्यावर कादंबरी टेकायला थांबली.

"सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं," ती म्हणाली.

"हो."

"मला राग सांगितल्याचाच जास्त आला होता. नसतं कळलं तर बरं झालं असतं असं वाटायचं. अजूनही कधी कधी वाटतं." तिनं खोक्याची सुतळी बोटाला गुंडाळली. "पण फोन करीन मी. लगेच नाही."

तनुजा बरं म्हणाली. दोघींनी खोकं उचललं.

त्याच आठवड्यात तनुजानं खोली सोडली. पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायची मुदत अजून होती, पण तिनं तो भरला नाही. दवाखान्यातल्या जुन्या मदतनीस बाई निवृत्त होत होत्या. डॉक्टर लिमयांनी तिला विचारलं होतं, येणाऱ्या मुलींना समजावून सांगायला कोणी तरी लागतं, करणार का? तनुजानं त्यांना आधी ती सगळी हकिगत सांगितली. डॉक्टर म्हणाले, अंदाज होता, म्हणून तर विचारतोय, असं माणूस पुन्हा गप्प बसत नाही. तिनं महिनाभराची मुदत मागून घेतली.

वाघोलीच्या स्टॉपवर वडील, भैरूअण्णा, न्यायला आले होते. पूर्वी त्यांची ज्वारी जिथं उभी असायची, तिथं आता बारा मजली इमारत होती, तिच्या सावलीत ते गाडी लावून थांबले होते. तिनं तिथंच, बॅग खाली ठेवायच्या आधी, सांगून टाकलं की, ती आता परीक्षा देणार नाही.

भैरूअण्णांनी तिच्याकडे बघितलं. पाच वर्षं त्यांनी गावात, लग्नात, सोसायटीच्या मिटिंगांत, पोरगी साहेब होणार म्हणून सांगितलं होतं.

"नक्की हाय का?" त्यांनी विचारलं.

"नक्की आहे."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. "मी बी साहेब नव्हतो. जगलोच की." त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली, ती जड लागली तशी खांद्यावर टाकली, आणि घरी आईनं पिठलं केलंय, गार व्हायच्या आत चल, असं म्हणून गाडी सुरू केली.